इमारत खाजगी, अंगण सर्वांचे

शहरात जागा महाग असते हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही. महाग जागेवर एकाच कामासाठी इमारत बांधणे फार थोड्यांना परवडते. म्हणून खाली दुकाने, मध्ये कचेऱ्या आणि वर राहण्याची घरे अशी रचना शहरात आपोआप येते. हिला हल्ली मिश्र वापराची इमारत म्हणतात. नाव नवे असले तरी गोष्ट जुनी आहे. गिरगावात, दादरला, पुण्याच्या पेठांतून खाली किराणा दुकान आणि वर बिऱ्हाडे ही पद्धत आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळापासून चालत आलेली आहे. अशा घरांना रस्त्याच्या बाजूला ओटा असे. काही विकत न घेणारा माणूसही त्यावर दोन घटका टेकत असे. अर्थात त्या ओट्यावर कोणी बसायचे आणि कोणी बसायचे नाही हे कुठे लिहिलेले नसे, पण सर्वांना ठाऊक असे.

आजच्या उंच इमारतीत तो ओटाही राहिलेला नाही. तेव्हा प्रश्न असा की, जिथे प्रत्येक चौरस फुटाला भाव आहे अशा इमारतीत कोणालाही, काहीही विकत न घेता, कोणाची परवानगी न मागता येऊन बसता येईल अशी जागा कशी ठेवायची? मालक ती का ठेवील? आणि ठेवलीच तर ती पुढे टिकणार कशी?

हा प्रश्न केवळ वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांचा नाही. मुंबई-पुण्यात जुन्या चाळी, वसाहती, संस्थांच्या बैठ्या इमारती पाडून तेथे टॉवर उभे राहत आहेत. कुठल्या तरी मंडळाच्या सभासदांपुढे दर महिन्याला एखादा रंगीत नकाशा येऊन पडत असेल. त्या नकाशात आपले सभागृह, अभ्यासिका, लहान मुलांना खेळायची जागा नेमकी कुठे आहे हे वाचता आले पाहिजे. प्रस्तुत लेखक बँकेत कारकून आहे, पदवी कलाशाखेची आहे. तेव्हा तुळई किती जाडीची असावी हे मी सांगू शकत नाही. पण व्यवहार काय झाला, कोणी काय दिले, बदल्यात काय घेतले आणि त्याची नोंद कुठे आहे, हे पाहण्याची सवय माझ्या नोकरीने लावलेली आहे. या विषयात तीच दृष्टी जास्त उपयोगी पडते असे मला वाटते.

उदाहरण न्यूयॉर्कचे घेतो. कारण हा व्यवहार तेथे १९६१ साली कायद्यात लिहिला गेला आणि साठाहून अधिक वर्षांचा त्याचा जमाखर्च आज आपल्यापुढे आहे.

दहा फूट घ्या, एक फूट द्या

प्रथम चटईक्षेत्र निर्देशांक म्हणजे ज्याला आपण सर्रास एफएसआय म्हणतो तो समजून घेऊ. भूखंड १,००० चौरस फुटांचा आणि निर्देशांक २ असेल तर सर्व मजले मिळून २,००० चौरस फूट बांधता येते. न्यूयॉर्कच्या १९६१ च्या नियमांत सर्वांत दाट कचेऱ्यांच्या भागात हा निर्देशांक १५ होता. पण मालकाने जमिनीच्या पातळीवर लोकांसाठी मोकळे अंगण सोडले, ज्याला तेथे प्लाझा म्हणतात, तर प्रत्येक १ चौरस फूट अंगणामागे त्याला १० चौरस फूट जादा बांधकाम मिळे. कमाल मर्यादा १८.

हिशेब करून पाहा. भूखंड ४०,००० चौरस फुटांचा आहे असे समजा. १५ च्या निर्देशांकाने ६ लाख चौरस फूट बांधता येईल, १८ ने ७ लाख २० हजार. वरच्या १ लाख २० हजार फुटांसाठी सोडायचे किती? फक्त १२,००० चौरस फूट. शहराच्या तिजोरीतून एक डॉलरही गेला नाही, लोकांना अंगण मिळाले आणि मालकाला विकायला किंवा भाड्याने द्यायला कित्येक मजले मिळाले. कागदावर याहून चांगला सौदा सापडणे कठीण.

या नियमामागे एक नमुना होता. पार्क ॲव्हेन्यू या रस्त्यावर १९५८ साली मीस व्हॅन डर रोह या वास्तुशिल्पकाराची ३८ मजली सीग्राम इमारत पुरी झाली. शेजारच्या इमारती पदपथाला चिकटून उभ्या असताना ही रस्त्यापासून मागे सरकून उभी राहिली आणि पुढे दगडी फरशीचे विस्तीर्ण अंगण सोडले गेले. तेथे बसण्यासाठी म्हणून बाके नव्हती. पण पायऱ्या होत्या, कडेने रुंद बुटके कठडे होते. लोक त्यांवर बसू लागले, डबे खाऊ लागले. शहराच्या नियोजनकारांना वाटले की असे अंगण सर्वत्र झाले तर काय बहार होईल.

बहार झाली नाही. प्लाझे झाले, आणि बरेच झाले. मालकांनी नियमाला लागेल तेवढे अंगण सोडले आणि ते शक्य तितके उजाड ठेवले. कुठे रस्त्यापासून इतक्या पायऱ्या वर की म्हाताऱ्या माणसाने पाहूनच परत फिरावे, कुठे खोल खड्ड्यात, कुठे उन्हाचा किरण नाही असे. कठड्यावर कोणी बसू नये म्हणून लोखंडी खिळे बसवलेलेही आढळत. जादा मजले मात्र पूर्ण भाड्याने गेले होते.

मोजणारा माणूस

येथे विल्यम व्हाइट या गृहस्थांचे नाव घ्यावे लागते. हे मूळचे पत्रकार. प्लाझे ओस का पडतात हे शोधण्यासाठी त्यांनी तरुण सहकारी जमवले, आसपासच्या इमारतींवर कॅमेरे बसवले आणि दिवसभर कोण कुठे बसतो, किती वेळ बसतो, ऊन सरकले की कोण कुठे सरकतो याची अक्षरशः गणती केली. नियोजनकारांना वाटत होते की जागेचा आकार, तिची शोभा यावर गर्दी अवलंबून असेल. निष्कर्ष असा निघाला की लोक जिथे बसायला जागा असते तिथे बसतात! ऐकून हसू येईल. पण हा साधा शोध कायद्यात जाण्यासाठी कित्येक वर्षांचे चित्रण दाखवावे लागले.

आमच्या शाखेच्या बाहेर महिन्याच्या पहिल्या तारखेला पेन्शनसाठी आलेली वृद्ध मंडळी पायरीवर दाटीवाटीने बसलेली असतात, बाजूची उंच शोभेची कुंडी मात्र मोकळी असते. तिच्या कडेची रुंदी जेमतेम चार बोटे आहे. व्हाइटचे म्हणणे मला त्या कुंडीवरून लगेच पटले.

त्यांच्या कामामुळे १९७५ साली न्यूयॉर्कने नियम बदलले. अंगण पदपथापासून तीन फुटांहून अधिक वर किंवा खाली नसावे. दर ३० चौरस फूट अंगणामागे १ फूट लांबीची बैठक हवी. झाडे हवीत. अंगणाकडे तोंड करून दुकाने हवीत, कारण बँकेच्या काचेच्या भिंतीसमोर कोणी रेंगाळत नाही (हे आमच्याच व्यवसायाबद्दल आहे, तरी खरे आहे). शिवाय ही जागा लोकांसाठी खुली आहे असे सांगणारी पाटी हवी. व्हाइटचे पुस्तक १९८० साली आले. त्यात त्यांनी खाण्याच्या गाड्यांची बाजू घेतली आहे. जिथे गाडीवाला उभा राहतो तिथे माणसे थांबतात आणि माणसे थांबतात म्हणून आणखी माणसे थांबतात. आपल्याकडील वडापावच्या आणि चहाच्या गाडीबद्दल पालिकेचे मत वेगळे असते, हा भाग निराळा.

चर्चने कोपरा सोडला नाही

आता एका इमारतीकडे तपशिलाने पाहू. लेक्सिंग्टन ॲव्हेन्यू आणि ५४ वा रस्ता यांच्या कोपऱ्यावर सेंट पीटर्स हे ल्युथरन पंथाचे चर्च होते. इमारत १९०५ सालची, दगडी. मंडळी फार मोठी नाही, श्रीमंत नाही. १९६५ पासून तेथे दर रविवारी संध्याकाळी जॅझ संगीताची प्रार्थना होई आणि शहरातले जॅझ वादक तिला आपली म्हणत. समोरच्याच बाजूला एका प्रचंड बँकेचे मुख्य कार्यालय होते. या बँकेने चर्चच्या पूर्ण चौकातील घरे आणि दुकाने एकेक करून, दलालांमार्फत, गाजावाजा न करता विकत घ्यायला सुरुवात केली. शेवटी चर्चचा कोपरा उरला.

अशा वेळी लहान संस्था काय करते हे आपण पाहिलेले आहे. पैसे घेऊन उपनगरात जाते. सेंट पीटर्सच्या मंडळींतही ती चर्चा झाली. पण त्यांनी ठरवले की आपण शहराच्या मध्यभागी राहणार. त्यांनी जमीन विकली, मात्र अटी घालून. त्याच कोपऱ्यावर नवे चर्च बांधून मिळाले पाहिजे. ते टॉवरपासून वेगळे, स्वतंत्र इमारत म्हणून ओळखू आले पाहिजे. आणि टॉवरचा एकही खांब चर्चमधून खाली येता कामा नये.

ही तिसरी अट वाचायला छोटी आहे, पण तिने ५९ मजली इमारतीचा आकार ठरवला. खांब साधारणपणे इमारतीच्या चार कोपऱ्यांत असतात. येथे एका कोपऱ्यात चर्च. म्हणून वास्तुशिल्पक ह्यू स्टबिन्स आणि अभियंता विल्यम लमेजरिए यांनी चार महाकाय खांब कोपऱ्यांत न ठेवता प्रत्येक बाजूच्या मध्यावर ठेवले आणि टॉवर सुमारे नऊ मजले उंच उचलला. चारही कोपरे सत्तरएक फूट अधांतरी बाहेर आले. त्यातल्या एका कोपऱ्याखाली, टॉवरला न चिकटता, दगडी खडकासारखे दिसणारे नवे चर्च बसले. १९७७ साली ही सिटीकॉर्प सेंटर इमारत उघडली. उंची ९१५ फूट. आज ती ६०१ लेक्सिंग्टन ॲव्हेन्यू या नावाने ओळखली जाते.

टॉवर उचलल्याचा फायदा फक्त चर्चला झाला नाही. खाली जमीन मोकळी झाली, ऊन आले. ५३ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर खोलगट अंगण केले गेले आणि त्यातून थेट भुयारी रेल्वेच्या स्थानकात वाट दिली गेली. त्यामुळे पूर्वी अंधाऱ्या जिन्यातून वर येणारा प्रवासी आता उजेडात बाहेर पडू लागला. वर मी खोल अंगणाला नावे ठेवली. हे खोल असूनही चालले, कारण तेथे उतरण्याचे कारण रोज हजारो माणसांना होते. अंगणाला लागून दुकाने आणि खाण्याच्या जागा असलेला, वरून उजेड येणारा अनेक मजली चौक होता. तेथे टेबले-खुर्च्या मांडलेल्या असत आणि फुकट कार्यक्रम होत. वरच्या मजल्यांत कचेऱ्या. माथा तिरपा छाटलेला आहे, तेथे सुरुवातीला गच्च्यांची घरे करण्याचा विचार होता. शहराने घरांना परवानगी दिली नाही, मग सूर्यशक्तीची योजना झाली, तीही राहिली. छाटलेला माथा तेवढा उरला.

चर्चची अंतर्रचना मासिमो आणि लेला विन्येली या दांपत्याने केली. मुख्य सभागृह रस्त्याच्या पातळीखाली आहे, आणि पदपथावरून जाणाऱ्याला मोठ्या खिडकीतून खाली चाललेली प्रार्थना किंवा वादन दिसते. दार उघडण्याआधीच आत काय आहे ते कळते. बाके जागेवर ठोकलेली नाहीत. हलवली की तेच सभागृह मैफलीला चालते. तळघरात नाट्यगृह आहे. सकाळ-दुपार कचेरीतली माणसे, जेवणाच्या सुटीत संगीत, रात्री नाटक, रविवारी प्रार्थना, असा एकाच कोपऱ्याचा दिवस भरतो. जेन जेकब्स या लेखिकेने १९६१ साली आपल्या गाजलेल्या पुस्तकात हेच मांडले होते: वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या कामासाठी माणसे येत राहिली तरच रस्ता जिवंत आणि सुरक्षित राहतो. मिश्र वापराचा खरा अर्थ हा आहे. खाली दुकान, वर घर ही मजल्यांची उतरंड झाली. घड्याळाचीही वाटणी व्हावी लागते.

या रचनेची किंमतही मोजावी लागली, ती लपवण्याचे कारण नाही. १९७८ साली लमेजरिए यांनी आपली गणिते पुन्हा तपासली तेव्हा त्यांच्या लक्षात आले की कोनातून, म्हणजे एकाच वेळी दोन बाजूंवर येणाऱ्या वाऱ्याचा विचार कमी पडला आहे, आणि सांधे वेल्डिंग करण्याऐवजी बांधताना बोल्टने जोडले आहेत. मग अनेक रात्री, कचेऱ्या सुटल्यावर, आत सांध्यांवर पोलादी पट्ट्या जोडण्याचे काम चालले. लोकांना हे कळले १९९५ साली, एका साप्ताहिकातील लेखातून. माझ्या मते यात चर्चच्या अटीचा दोष नाही. अट अवघड होती, पण लपवाछपवी त्या अटीत नव्हती. दुसरी किंमत अलीकडची. सभागृह जमिनीखाली असल्याने जानेवारी २०२१ मध्ये जलवाहिनी फुटली तेव्हा पाणी सरळ चर्चमध्ये शिरले आणि फार नुकसान झाले. आपल्या पावसात तळघरात सभागृह घेणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

लिहिले कुठे आहे, तपासतो कोण

बँकेत कर्ज मंजूर करताना आम्ही मंजुरीपत्रात अटी घालतो. माल तारण असेल तर अधिकारी अधूनमधून गोदामात जाऊन माल खरेच आहे का हे पाहतो. जिथे पाहणे थांबते तिथे पोत्यांत भुसा निघतो. न्यूयॉर्कच्या अंगणांचे नेमके तेच झाले. जादा मजले एकदा बांधले की ते कायमचे. अंगण मात्र रोज सांभाळावे लागते, झाडावे लागते, दार उघडावे लागते. त्यात मालकाला काही मिळत नाही.

जेरल्ड केडन या प्राध्यापकांनी शहराच्या नियोजन खात्याला आणि एका नागरी संस्थेला बरोबर घेऊन सर्व जागांची पाहणी केली आणि २००० साली ती पुस्तकरूपाने आली. ३२० इमारतींत अशा ५०३ जागा निघाल्या. सुमारे निम्म्या इमारतींत काही ना काही नियमभंग होता. कुठे दार कुलूपबंद, कुठे उपाहारगृहाने टेबले पसरून जागा गिळलेली, कुठे पाटीच नाही. २०१७ साली शहराच्या हिशेबतपासनिसांनी ३३३ ठिकाणे तपासली, तेव्हाही १८२ ठिकाणी कबूल केलेल्या सोयी आढळल्या नाहीत. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या गृहस्थांच्या नावाच्या टॉवरमध्ये, जो १९८३ साली असेच जादा मजले घेऊन बांधला गेला, लोकांसाठीच्या दालनातील दगडी बाक काढून तेथे विक्रीचा गाळा मांडला होता. २०१६ मध्ये त्याबद्दल १० हजार डॉलर दंड झाला. वीस-पंचवीस मजल्यांपुढे १० हजार डॉलर म्हणजे काय हे सांगायला नको. सिटीकॉर्पच्या इमारतीला २०१६ साली वारसा वास्तूचा दर्जा मिळाला, तरी खोलगट अंगणातील मूळ कारंजे त्यानंतर लवकरच गेले.

करारातील एका वाक्याचे बळ किती असते याचेही उदाहरण त्याच शहरात आहे. दक्षिण टोकाला झुकोटी पार्क नावाची सुमारे ३३,००० चौरस फुटांची जागा आहे. १९६८ साली शेजारच्या टॉवरच्या मालकाने ती जादा बांधकामाच्या बदल्यात दिली. ती दिवसाचे २४ तास खुली राहील अशी अट होती. शहराच्या स्वतःच्या बागा रात्री बंद होतात, ही खाजगी बाग बंद करता येत नव्हती. म्हणून सप्टेंबर २०११ मध्ये आर्थिक विषमतेविरुद्धचे आंदोलन नेमके तेथे येऊन बसले आणि जवळजवळ दोन महिने टिकले. पुढे तंबू आणि मुक्काम यांना मनाई करणारे नियम आले आणि न्यायालयाने ते उचलून धरले. पण दोन महिने तो तळ राहिला तो त्या एका अटीमुळे.

आपल्याकडचे नकाशे

मुंबईतही हा सौदा आहे, फक्त त्याची नावे वेगळी. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत अशी सोय आली की आरक्षित भूखंडावर मालकाने मंडई, वाचनालय, दवाखाना यांसारखी सोय बांधून महापालिकेच्या ताब्यात विनामूल्य द्यावी आणि उरलेल्या बांधकामासाठी पूर्ण चटईक्षेत्र वापरावे. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनेत कुटुंबांच्या संख्येनुसार बालवाडी आणि कल्याण केंद्र देण्याची अट आहे. २००८ मध्ये सार्वजनिक वाहनतळ बांधून देणाऱ्याला जादा एफएसआय देण्याचा नियम झाला. म्हणजे न्यूयॉर्कने बसणाऱ्या माणसासाठी जे दिले ते आपण उभ्या मोटारीसाठी दिले. मला हा नियम कधीच पटला नाही.

मोकळ्या जागेबाबत सर्वोच्च न्यायालयाचा १७ डिसेंबर २०१३ चा निकाल प्रत्येक मंडळाने माहीत करून घ्यावा असा आहे. दादरच्या एका मिश्र वापराच्या इमारतीवरून वाद होता. नियमाप्रमाणे सोडायची किमान करमणुकीची मोकळी जागा जमिनीवर न सोडता वाहनतळाच्या छतावर, म्हणजे पोडियमवर दाखवली तर चालेल का? न्यायालयाने सांगितले, चालणार नाही. किमान जागा जमिनीवरच हवी. पोडियमवर हवी तर त्याशिवाय करा. नियमावली त्यानंतर बदलली आहे, २०१८ साली नवी आली, म्हणून आपल्या प्रकल्पाला कोणती कलमे लागू आहेत हे वास्तुशिल्पकाकडून लेखी घ्यावे. येथे एक फरकही लक्षात ठेवावा. ही मोकळी जागा त्या संकुलातील रहिवाशांसाठी असते; न्यूयॉर्कच्या प्लाझासारखी येणाऱ्या-जाणाऱ्या कोणासाठीही नसते. रस्त्यावरच्या माणसालाही येता यावे असे संस्थेला वाटत असेल तर ते वेगळे मागावे आणि लिहून घ्यावे लागते.

नकाशा समोर आला की मी पुढील गोष्टी पाहतो. सभागृह टॉवरच्या पोटात आहे की बाजूला? वर घरांचे वीस मजले असतील तर त्यांचे खांब खाली सभागृहात उतरणारच. ते टाळायचे तर मध्ये जाडजूड तुळयांचा मजला घालावा लागतो, तो महाग पडतो आणि मग बिल्डर म्हणतो, दोन खांब राहू द्या. म्हणून सभागृह टॉवरच्या सावलीबाहेर, स्वतंत्र छपराखाली मागावे. सेंट पीटर्सने तेच केले. दुसरे, अभ्यासिकेचे दार रस्त्यावरून दिसते का? घरांच्या लिफ्टमधून, पहारेकऱ्याच्या वहीत नाव लिहून अभ्यासिकेत जावे लागत असेल तर बाहेरचा विद्यार्थी दुसऱ्यांदा येणार नाही. घरे, दुकाने, सभागृह यांची दारे वेगळी हवीत. सभागृहाचा आवाज झोपलेल्या मुलाच्या खोलीखाली नको, आणि अभ्यासिका लग्नाच्या बँडशेजारी नको. अनेक ठिकाणी मी कल्याण केंद्र पाहिले ते जिन्याखाली किंवा वाहनतळाच्या पलीकडे, जिथे दिवसाही दिवा लावावा लागतो. चौरस फूट बरोबर भरलेले असतात, तक्रार करायला जागा नसते.

पैशाची बाजू अशी की, तळमजल्यावरचे दुकानाचे एक-दोन गाळे संस्थेच्या मालकीचे राहिले तर त्यांच्या भाड्यातून अभ्यासिकेचे वीजबिल आणि झाडूवाल्याचा पगार निघू शकतो. हे गाळे कोणत्या बाजूला असावेत, हे नकाशा पक्का होण्याआधी ठरवायचे असते, कारण रस्त्याकडचे गाळे बिल्डरलाही हवे असतात. सेंट पीटर्सच्या मंडळींनी आपल्या भागाची मालकी स्वतःकडे ठेवली होती. वापरण्याचा हक्क आणि मालकी यांतला फरक वकिलाकडून समजून घेतल्याशिवाय सही करू नये.

विद्यार्थी सभासदांना एक काम सुचवतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली महापालिकेकडे मंजूर नकाशाची प्रत मागता येते. मोकळी जागा, कल्याण केंद्र, बालवाडी, वाहनतळ त्यावर मापांसह दाखवलेले असतात. सुटीत चार-पाच जणांनी आपल्या वस्तीतल्या दहा इमारतींचे नकाशे मिळवावेत, टेप घेऊन जावे आणि नकाशातली जागा प्रत्यक्षात आहे का, तिचे दार उघडे आहे का, दुपारी चार वाजता तेथे किती माणसे बसलेली आहेत, हे वहीत लिहावे. केडन यांच्या चमूने ५०३ जागांचे केले ते हेच.